मागचं परवा, पुढचं परवा

माझ्याकडे येणारी माणसं आजारी नसतात, आणि हीच माझी खरी पंचाईत आहे. आजारी माणूस ऐकून तरी घेतो. धडधाकट माणूस घड्याळ बघतो. मी प्रवासाला निघालेल्यांची डॉक्टर. परदेशी जाण्याआधी कुठली लस घ्यायची, मलेरियाच्या गोळ्या कधी सुरू करायच्या, पाणी कुठलं प्यायचं आणि कुठल्या पाण्याला हातसुद्धा लावायचा नाही, हे सांगणं माझं काम. समोरच्याच्या डोक्यात फोटो काढायच्या जागा असतात आणि मी मध्येच जुलाबांचं नाव काढते. लग्नघरात कुणी मयताची गोष्ट काढावी तसे लोक माझ्याकडे बघतात. मग माझा पारा चढतो. माझा राग नाकाच्या शेंड्यावरच बसलेला असतो, असं आमची सिस्टर सगळ्यांना सांगते. तिला सांगायला काय जातं!

त्या बुधवारी सकाळी बाहेरची सगळी बाकं भरलेली होती. लसींच्या फ्रिजचं तापमान बघून मी पहिली कुपी हातात घेतली, तेवढ्यात ताईचा फोन आला.

“कामात आहेस का गं?”

“कामातच असते मी. बोल.”

“काही नाही, टिटवीला कुत्रं चावलं.”

काही नाही म्हणे! मी कुपी पुन्हा फ्रिजमध्ये ठेवली.

टिटवी म्हणजे ताईची एकुलती एक मुलगी. पाळण्यात होती तेव्हापासून तिच्या तोंडाला कुलूप म्हणून नाही, त्यामुळे टिटवी. नोकरीतून रजा काढून ती एका ग्रुपबरोबर परदेशात जंगलं पायी तुडवायला गेली होती. निघायच्या अगदी तोंडावर माझ्याकडे आली. टायफॉइडची लस घेतली, काविळीची घेतली, डास पळवायचं मलम पिशवीत कोंबलं. रेबीजची लस आधीच घेऊन ठेव, असं मी म्हटलं तर म्हणाली, “मावशी, त्याला दोनतीनदा यावं लागणार, आता वेळ कुठाय? कुत्रं दिसलं की मी लांबूनच नमस्कार करीन.” ही बया रस्त्यावरच्या कुठल्याही पिल्लाला ‘अले अले’ केल्याशिवाय पुढे जात नाही. मी बडबड बडबड बडबडले. पिकतं तिथे विकत नाही. सगळं जग माझ्या दारात दंड उघडा करून उभं राहतं, आणि सख्खी भाची मात्र गालाचा पापा घेऊन पळून जाते.

“कुठे चावलं? रक्त आलं का?” मी विचारलं.

“हाताला. अंगठ्याजवळ म्हणाली. अगं, पिल्लू होतं एवढंसं, त्यांच्या लॉजच्या अंगणातलं. साबण लावून नळाखाली चांगलं पंधरा मिनिटं धुतलंन म्हणे, मावशीने सांगितलं होतं तसं.”

“आणि इंजेक्शन?”

“घेतलं ना. परवाच घेतलं.”

“कोण म्हणालं?”

“तीच. काल संध्याकाळी फोन आला होता. आवाज नुसता तुटत होता. पण तेवढं ऐकलं मी, मग लाइन गेली.”

माझा जीव भांड्यात पडला. जीव भांड्यात पडला की मला बोलायला जोर येतो. काल संध्याकाळी कळलं तर मला आज का सांगतेस, पुढच्या इंजेक्शनांच्या तारखा का नाही विचारल्यास, असं मी ताईला बरंच सुनावलं. ताईने शांतपणे ऐकलं. ती निवृत्त शिक्षिका आहे. मराठी शिकवायची. कर्ता, कर्म, क्रियापद. क्रियापदाशिवाय वाक्य लिहिलं की तिच्या वर्गात शून्य. “शेपूट नाही तर मारुती कसला?” असं म्हणून ती वही परत करायची. माझीही केली आहे, आणि घरी येऊन पुन्हा वर आईला सांगितलं आहे.

“झालं तुझं कावून?” ती म्हणाली. “संध्याकाळी ये जेवायला.”

मी पुन्हा कामाला लागले. मलेरियाच्या गोळ्या उपाशीपोटी घेऊ नका, हे एका नवविवाहित जोडप्याला समजावलं. ती दोघं एकमेकांकडेच बघत होती. त्यांच्यानंतर मफलर गुंडाळलेले एक काका आले. मुलीकडे चालले होते, उष्ण देशात, मफलर घेऊन. सिस्टर त्यांना बाहेरच्या टेबलाशी प्रश्न विचारत होती. माझ्या खोलीचं दार उघडंच होतं.

“काविळीचं इंजेक्शन?”

“परवा,” काका म्हणाले.

“मागचं परवा की पुढचं परवा?”

हा प्रश्न मीच सुरू केलेला. आपल्या भाषेत कालच्या आधीचा दिवसही परवा आणि उद्याच्या नंतरचा दिवसही परवा. एकदा एका बाईंनी ‘परवा’ म्हटलं, आम्ही ‘झालं’ असं समजलो, आणि त्या लस न घेताच विमानात बसल्या. तेव्हापासून माझ्या दवाखान्यात कुणी परवा म्हटलं की विचारायचंच, मागचं की पुढचं. लोक हसतात. हसू देत.

“पुढचं हो,” काका हसत म्हणाले. “आज नुसतं विचारायला आलोय.”

मी चिठ्ठी लिहीत होते. हात तिथेच थांबला.

*

“ताई, टिटवी नक्की काय म्हणाली? शब्द न् शब्द सांग.”

“सांगितलं की. कुत्रं चावलं, साबणाने धुतलं, काळजी करू नकोस, इंजेक्शन परवा घेतलं.”

“‘घेतलं’ हे ती म्हणाली की तू?”

तिच्या स्वयंपाकघरातला नळ चालू होता, तो तिने बंद केला.

“म्हणजे काय? परवा म्हणाली आणि लाइन गेली... नाही, घेतलं म्हणाली गं.”

“थांब. कालचं मागचं परवा म्हणजे रविवार. रविवारी तुझा वाढदिवस होता. व्हिडिओवर ती आपल्याशी बोलली. आठव. दोन्ही अंगठे नाचवून दाखवत होती.”

“हो,” ताई म्हणाली. मग अगदी बारीक आवाजात, “हात धड होते दोन्ही.”

रविवारी संध्याकाळी हात धड होते, म्हणजे कुत्रं चावलं ते त्यानंतर. न चावलेल्या कुत्र्याचं इंजेक्शन कुणी घेत नाही. टिटवीने सांगितलं होतं ते पुढचं परवा. म्हणजे उद्या, गुरुवार. तिने अजून काहीही घेतलेलं नव्हतं.

आपल्या भाषेत क्रियापद शेवटी येतं, आणि लाइन नेमकी शेवटाआधी तुटते. ‘इंजेक्शन परवा’ एवढं पोचलं. घेतलं की घेणार, ते वाटेतच राहिलं.

मी फोन ठेवला आणि पहिल्यांदा घाबरले. रेबीजचं गणित सोपं आहे आणि निर्दय आहे. जंतू जखमेतून नसांच्या वाटेने मेंदूकडे निघतो. तो पोचायच्या आत लस आणि जखमेत टोचायचं, तयार प्रतिपिंडांचं सीरम मिळालं तर माणूस वाचतो. पोचला आणि लक्षणं दिसली, की जगातल्या कुठल्याही डॉक्टरच्या हातात काही उरत नाही. किती दिवसांत पोचेल ते कुणी सांगू शकत नाही, आणि हाताच्या पंजाला नसा दाट असतात. उद्या घेणार असेल तर तेही चालेल, असं मी स्वतःला समजावत होते. पण उद्या ती कुठे असणार होती?

टिटवीचा फोन लागेना. मी टूरवाल्याला लावला. त्याचा आवाज साखरेत घोळलेला.

“काही काळजी करू नका मॅडम! आम्हाला कल्पना आहे. उद्या ग्रुप शेवटच्या गावी पोचतोय. तिथे दवाखाना आहे. आमचा गाइड स्वतः नेऊन इंजेक्शन देणार आहे.”

“कुठलं इंजेक्शन?”

“कुत्र्याचं.”

“कुत्र्याला नाही, माझ्या भाचीला द्यायचंय. औषधाचं नाव काय?”

कागद चाळल्याचा आवाज आला. “टीटी, मॅडम. धनुर्वाताचं. तिथे तेच मिळतं. पण चालतं ना?”

त्यानंतर मी त्याला काय काय बोलले ते सिस्टरने बाहेरच्या बाकांना ऐकू जाऊ नये म्हणून दार लावून घेतलं. धनुर्वाताच्या इंजेक्शनाने रेबीज थांबत नाही. कुत्रं चावलं, सुई टोचली, झालं समाधान, असं समजून माणसं घरी जातात आणि नंतर आम्ही हात चोळत बसतो. टिटवीसुद्धा तशीच समाधानाने जंगलात शिरली असती. उद्यापासून त्यांची पायी वाट सुरू होणार होती, आणि पुढचा दीड आठवडा ना रस्ता, ना दवाखाना.

“बस आत्ता कुठे आहे?” मी विचारलं.

“वाटेत, मॅडम. दुपारी नदी लागते. बस तराफ्यावर चढवून पलीकडे नेतात. पलीकडे मग नेटवर्क नाही.”

“गाइडला फोन लावा.”

“बस तोच चालवतो, मॅडम. आणि चालवताना तो फोन उचलत नाही. आमच्याकडे शिस्तच आहे तशी.”

आयुष्यभर मी लोकांना शिस्त शिकवली. त्या दिवशी मी शिस्तीला शिव्या घातल्या.

सकाळी ती बस ज्या मोठ्या शहरातून निघाली होती, तिथल्या हॉस्पिटलला मी फोन लावला. त्यांची भाषा मला धड येत नाही, माझी त्यांना येत नाही. पण ‘रेबीज’ सगळ्यांना कळतं. लस आहे. सीरमही आहे. पाठवा. पाठवा म्हणे! जिला पाठवायचं ती तासातासाला लांब चालली होती.

*

ताई आली ती घरातल्या सपाता घालूनच. केसांना पिन नाही, चष्मा कपाळावर, आणि चष्मा कुठाय म्हणून पर्स उलथीपालथी करते आहे. मी तिला आत माझ्या खुर्चीत बसवलं. आमच्या घरात मी तडकायचं आणि तिने सावरायचं, असं ठरलेलं आहे. त्या दिवशी मात्र तिलाच सावरायची पाळी माझ्यावर आली.

“मी ‘घेतलं’ ऐकलं गं,” ती म्हणाली. “शपथेवर सांगते. तिच्या आवाजात ऐकलं.”

मला तिच्यावर चिडायचं होतं. जमलं नाही. जन्मभर मुलांना ‘रिकाम्या जागा भरा’ घातलेल्या बाईने स्वतःच एक रिकामी जागा भरली होती, आणि कुठल्या आईने तिथे दुसरा शब्द घातला असता? आणि मी तरी काय केलं होतं? मागचं की पुढचं, हे सगळ्या गावाला विचारणारी मी, घरच्या फोनवर विचारायला विसरले. दिव्याखाली अंधार तो हाच. मला ताईची दया आली आणि माझा संताप आला.

सिस्टर आत आली. तिने ताईच्या मांडीवर कापसाची गुंडाळी ठेवली. “ताई, जरा बोळे करून द्या. आज हात कमी पडतायत.” हात कमी वगैरे काही पडत नव्हते. ताई निमूटपणे बोळे करू लागली. सगळे एका मापाचे.

टूरवाल्याकडून नंबर घेतला होता; मी गाइडला फोन लावत राहिले. रिंग जाई, जाई, आणि बंद पडे. मध्येच मी एका विद्यार्थ्याला लस टोचली. तो म्हणाला, दुखलं नाही. मी पुन्हा फोन लावला. घड्याळाकडे मी बघत नव्हते, ताई बघत होती, आणि तिचं तोंड बघितलं की मला घड्याळ कळत होतं.

शेवटी त्याचाच उलटा फोन आला. मागे इंजिनाची घरघर, माणसांची आरडाओरड, पाण्याचा आवाज.

“कोण बोलतंय? एवढे मिस्ड कॉल... गाडी तराफ्यावर चढवतोय, नंतर—”

“ठेवू नका! टिटवीला द्या फोन!”

“कुणाला?”

तिचं कागदावरचं नाव मला त्या क्षणी आठवेना. खरंच आठवेना. पंचवीस वर्षं तिला त्या नावाने कुणी हाक मारली नव्हती.

“जी सगळ्यात जास्त बोलते ती मुलगी!” मी ओरडले.

“हां हां, ती! देतो.” एका क्षणात कळलं त्याला.

“मावशी? अगं तू कशी काय? इकडे काय धमाल—”

“गप्प! ऐक.” ती गप्प झाली. आयुष्यात पहिल्यांदा. माझ्याकडे किती शब्द होते ते मला ठाऊक नव्हतं, म्हणून मी उलटीकडून सुरुवात केली. “उतर. उतर बसमधून. जाऊ नकोस नदीपलीकडे. फीर मागे, शहरात. घे आजच, रेबीजची लस. घे सीरम, जखमेत. चालणार नाही उद्याचं, ते धनुर्वाताचं—”

“मावशी, पण ते पिल्लू तर—”

“उतर!”

लाइन गेली.

मी पुन्हा लावला. फोन बंद. पुन्हा लावला. बंद. ताई उभी राहिली होती. बोळे जमिनीवर सांडले होते.

“तिने ऐकलं का?”

“माहीत नाही.”

“किती ऐकलं असेल?”

“ताई, मला माहीत नाही!”

ती पुन्हा बसली. थोड्या वेळाने म्हणाली, “तू सगळी क्रियापदं आधी टाकलीस.”

“हो.”

“वाक्यरचना चुकली.”

“चुकू दे.”

“चुकू दे,” तीही म्हणाली, आणि पदराने डोळे पुसले.

दुपार गेली. टूरवाल्याचा फोन आला, साखर पार विरघळलेली. गाइडचा फोन लागत नाही, म्हणजे बहुतेक बस नदी ओलांडून गेली असणार, असं म्हणाला. बसमध्ये टिटवी होती की नव्हती ते त्याला सांगता येईना. मी ताईला यातलं काही सांगितलं नाही. तिने विचारलंही नाही. माझा चेहरा तिला पुरेसा होता. बाहेर सिस्टर माणसांना उद्या या म्हणून सांगत होती आणि हळूहळू बाकं रिकामी होत होती. ‘पिल्लू तर’. पिल्लू तर काय? पिल्लू तर पाळीव आहे? पिल्लू तर छान खेळतंय? त्या अर्ध्या वाक्याची शेपूट मी दुपारभर शोधत होते. लोकांना वाटतं पिसाळलेलं कुत्रं फेस गाळत अंगावर येतं. पिल्लू तसं करत नाही. पिल्लू नुसतं मलूल होतं, कुशीत शिरतं, आणि कुरवाळणाऱ्या हाताला दात लावतं.

दिवे लावायची वेळ झाली तेव्हा फोन वाजला. नंबर अनोळखी, लांबलचक. ताईने माझ्या आधी झडप घातली.

“घेतलं!” पलीकडून आवाज आला. पहिला शब्द तोच. “घेतलं, आई! लस घेतली, आणि ते सीरम, अंगठ्यात, मेले गं मी, किती दुखलं! मावशी आहे का तिथे? तिला सांग, एवढी ओरडली माझ्यावर, सगळ्या बसने ऐकलं!”

मी फोन स्पीकरवर टाकला. टिटवी सुरू होती ती सुरूच होती. ती उतरली. गाइड म्हणाला, उगाच घाबरताय, उद्या घेऊ की. मग तिने तोंड सोडलं. तिचं तोंड सुटलं म्हणजे काय, हे मी जाणते. बस अर्धी तराफ्यावर होती, ती मागे घ्यायला लावली. मागच्या सीटवरच्या दोघांनी हळूच सांगितलं की आम्हालाही ओरखडलंय. आणि गाइडने शेवटी बाही वर केली. त्यालाही दात लागले होते; बोलला नव्हता.

“चौघांनी घेतलं,” टिटवी म्हणाली. “सगळे माझ्यावर उखडलेत. अन् मावशी, तू मला बोलूच दिलं नाहीस. मी तुला सांगत होते, पिल्लू तर बिचारं सकाळीच गेलं. लॉजवाल्याने कळवलं आम्हाला. मला एवढं रडू येत होतं, आणि तू ‘उतर उतर’ करत ओरडत होतीस.”

चावल्यापासून दोन दिवसांच्या आत पिल्लू मेलं होतं. त्याचा अर्थ काय तो या पोरीला अजून कळला नव्हता. ती त्या पिल्लासाठी रडत होती. ताईला मात्र कळला. तिने माझा हात घट्ट धरला.

“बरं, डॉक्टर म्हणाले अजून इंजेक्शनं आहेत,” टिटवी सांगत होती. “म्हणजे आम्ही सगळे इथेच, शहरातच थांबतोय. पुढचं तेरवा—”

लाइन गेली.

तेरवा. परवाच्या पलीकडचा दिवस, आणि तोही मागे एक आणि पुढे एक. मला हसू आलं, अगदी पोटातून, रडू आल्यासारखं. “पुढचंच तेरवा, ताई,” मी म्हटलं. “पहिलं आज झालं, दुसरं तीन दिवसांनी. नियमच आहे तो. आणि ‘पुढचं’ असं म्हणाली की ती. आता काही राहिलं नाही. चल, उठ, जेवायला घाल मला.”

ताई उठली नाही. तिने चष्मा कपाळावरून नाकावर आणला आणि फोन माझ्यापुढे सरकवला.

“लाव परत.”

“अगं, कळलंय ना आपल्याला.”

“कालही कळलं होतं मला. लाव.”

मी लावला. चारपाच वेळा लावल्यावर लागला. टिटवी हॅलो म्हणायच्या आत ताई बोलली, वर्गातल्या आवाजात, जो आवाज ऐकून मी अजूनही सरळ बसते.

“पूर्ण वाक्यात सांग.”

“काय गं आई?”

“तेरवा काय?”

पलीकडे थोडा वेळ नुसती खरखर होती.

“मी पुढचं इंजेक्शन तेरवा, शनिवारी, घेणार आहे,” टिटवी म्हणाली.

ताईने मान हलवली, आणि ते वाक्य तिच्याकडून पुन्हा एकदा म्हणून घेतलं.